उजाळा

सकाळी सातच्या सुमाराला खामगावच्या सराफ्यामागच्या गल्लीतून जाताना दुकानांची शटर अजून खाली असतात, पण एका माडीवरून ओल्या वाळूसारखी संथ खळखळ ऐकू येते. तो टंबलर. आतून रबराचं अस्तर असलेला, मोटरवर आडवा फिरणारा लहानसा ड्रम. त्यात स्टीलचे छर्रे, ते बुडतील एवढं पाणी, साबणाचे चार थेंब आणि हातानं घडवलेली चांदी. जोडवी, वाळे, तोरड्या.

खामगावला रजतनगरी म्हणतात. पण त्याआधी हे गाव कापसाचं. त्यासाठीच १८७० साली जलंबपासून इथवर रेल्वेचा फाटा आला. कापूस विकला की घरच्या बाईसाठी चांदीचा एखादा नग घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. आईची जोडवी अशाच एका हंगामातली.

ती उजाळायला घेऊन मी माडीवर गेलो. रिठ्याच्या पाण्यात बुडवून पितळी ब्रशानं घासतील, असं मला वाटलं होतं. कारागिरानं ड्रम थांबवला आणि आतलं एक नवं जोडवं माझ्या तळहातावर ठेवलं. लखलखीत होतं, पण कडेला कानशीची एक बारीक रेघ दिसत होती. तीही तितकीच लखलखीत.

"रेघ आधी घासायच्या कागदानं काढा लागते भाऊ. नाही काढली, तं तेबी चकाकते."

त्याचं बोलणं मी पुष्कळ दिवस मनात घोळवतो आहे. पॉलिश करणारं बफाचं चाक चांदीवरून साय काढावी तसा पातळ थर नेतं. त्या धुळीतही चांदी असते. कारखान्यातला केर चाळून ती काढणं हाच झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा. स्टीलचा गुळगुळीत छर्रा मात्र काही नेत नाही. तो हजारो वेळा अलगद आपटतो, वरचा थर दाबून एकसारखा करतो, आणि त्यानं मऊ चांदीला थोडा कडकपणाही येतो. गोल छर्रा मोकळ्या पृष्ठावर चालतो, टोकदार छर्रा नक्षीच्या खाचेत शिरतो. मोती मात्र त्यात टाकायचा नाही. त्याची कांती जाते. काम दोन-तीन तासांचं. पण घडवणाऱ्यानं जे टाळलं, ते ड्रम झाकून घेत नाही. इतका प्रामाणिक मदतनीस मी दुसरा पाहिला नाही.

आईची जोडवी खालच्या बाजूनं झिजून चपटी झाली होती. शेतातल्या मातीवर चाळीस वर्षं चालून आलेली ती झीज. कारागिरानं ती बोटांत फिरवून पाहिली आणि विचारलं, "हे बाजू घासून सारखी करू, का राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हणालो.

मग त्यानं ती थेट ड्रममध्ये सोडली. दोन तासांनी चाळणीत छर्रे खाली गळून गेले आणि वर जोडवी उरली. काळवंडलेली नक्षी पुन्हा उमटली होती. तळाची झीज तशीच होती, फक्त आता तिच्यातही उजेड पडत होता.

घरी आईनं पुडी सोडली. नक्षी तिनं नंतर पाहिली. आधी अंगठा त्या चपट्या बाजूवरून फिरवला, आणि मग पाय पुढे केला.