उत्तरे शेवटच्या पानावर

अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांत उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असत. मुलाने आधी गणित सोडवावे आणि मगच पान उलटावे, अशी छापणाऱ्याची भाबडी समजूत. प्रत्यक्षात पुस्तकाची तीच पाने सर्वांत आधी फाटत.

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या हल्लीच्या मुलांचा स्वाध्याय पुष्कळदा यंत्रच तपासते. कल्पना तशी नवी नव्हे. अमेरिकेतल्या रेन्सलेअर पॉलिटेक्निकमध्ये आयबीएम ६५० या यंत्राने २० विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम ५ मिनिटांत तपासले, हा वृत्तान्त १९६० साली छापून आला. आमच्या मास्तरांना २० वह्यांना दोन रविवार आणि तंबाखूची एक अख्खी पुडी लागे.

शिवाय यंत्राला कंटाळा नाही आणि कुत्सितपणाही नाही. ४१ व्या वेळी चुकलात तरी ते 'तुझ्या थोरल्या भावाला हे येत होतं हो!' असे म्हणत नाही. बुजऱ्या पोराला चारचौघांत शोभा न होता चुकता येते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण आमचा भाचा पडला हिकमती. त्याला लीप वर्ष ओळखणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. ४ ने भाग गेला की लीप वर्ष, असे त्याने ठोकून दिले. यंत्राने १९०० साल पुढे करून त्याला अडवले; कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पठ्ठ्याने नियम शोधलाच नाही. 'साल १९०० असेल तर नाही म्हण', एवढी एक ओळ मध्ये घुसवली. यंत्र खूष! हिरवी खूण!

"अरे, पण २१०० सालाचं काय?" मी विचारले.

"मामा, ते कुठे विचारतंय?"

आता याला लबाडी म्हणावे काय? त्याने कोणाची नक्कल केली नाही. मागितले तेवढे दिले. साहेब तपासणीला येणार त्या दिवशीच टेबल आवरणारे आपणही दुसरे काय करतो? आणि तरी प्रामाणिक म्हणून हारतुरे घेऊन निवृत्त होतो!

फरक एवढाच, की स्वाध्यायात परीक्षक आणि परीक्षार्थी एकच. यंत्र उत्तर तपासते. आपल्याला कळले की नाही, ते आपल्यालाच ठाऊक. हिरवी खूण दिसूनही मनात जी बारीकशी चुळबुळ होते ना, तो खरा मास्तर. तो २१०० सालाबद्दल विचारतोच. 'त्याला अजून अवकाश आहे', असे सांगून आपण त्याला गप्प बसवतो.