कंपवात आणि औषधाची वेळ

1817 साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या आणि मराठीत कंपवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात डोपामिन, म्हणजे मेंदूत हालचालींचे संदेश वाहणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि त्यामुळे हात थरथरण्याबरोबरच चाल मंदावते, स्नायू ताठरतात, आवाज क्षीण होतो. विदर्भाच्या रानांत आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत पोहोचल्यावर डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे द्रव्य, निसर्गतःच असते. परंतु त्याचे प्रमाण बियांगणिक बदलत असल्याने मोजलेल्या मात्रेच्या गोळीऐवजी त्या बिया परस्पर घेणे धोक्याचे ठरते.

लेव्होडोपाच्या गोळीचा प्रभाव काही तासांतच ओसरतो, म्हणून ती ठरल्या वेळी आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते, कारण डाळ, दूध यांतील प्रथिने तिचे शोषण रोखू शकतात. यवतमाळपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उमरखेडसारख्या तालुक्यातील रुग्णाची ही ठरल्या वेळच्या गोळ्यांची साखळी केवळ औषध संपल्यामुळे तुटू नये, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतील हे औषध ग्रामीण रुग्णालयात अखंड मिळालेच पाहिजे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट यवतमाळ जिल्ह्यातही उभे राहणे तितकेच निकडीचे आहे, कारण नियमित व्यायाम आणि समदुःखींचा सहवास गोळीतून मिळत नाही. घरीही साधी मदत करता येते: चालताना पाय जणू जमिनीला खिळतो, तेव्हा घरच्यांनी फरशीवर खडूने आडवी रेघ ओढली, तर ती ओलांडण्यासाठी पाऊल पुष्कळदा उचलले जाते.