पायवाटेवरचे बी

दिवाळी जवळ आली की आमच्या आळीत घरे झाडण्याची धांदल उडते, आणि आम्ही ख्रिस्ती असलो तरी त्या धुळीतून आमची सुटका नसते. पत्नी माळ्यावर चढते, मी खाली उभा राहून डबे घेतो. गेल्या दिवाळीला असाच एक डबा उघडला आणि सातबाऱ्याचा जुना उतारा हाती आला. गावाकडच्या बांधावरून धाकट्या भावाशी माझे बोलणे तुटले, त्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. वाद केवढ्या जमिनीचा? चार हात रुंदीच्या पट्ट्याचा!

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो. काही बी वाटेवर पडले ते पाखरांनी टिपले. काही खडकाळीवर, काही काट्यांत, तर काही चांगल्या जमिनीत. खडक आणि काटे मी स्वतःला लावून पाहिले होते. वाट मात्र नेहमी शेजाऱ्याची वाटे! शेतकऱ्याच्या घरात वाढूनही एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वाटेखालची माती काही निराळी नसते. तीही शेताचीच, तुडवून तुडवून दगड झालेली. आणि माझ्या मनातल्या त्या पट्ट्यावरून सात वर्षे रोज रात्री चालत होतो तो मीच. तो काय बोलला, मी काय बोलायला हवे होते, त्याच वाटेने जायचे नि यायचे. रविवारचा उपदेश पडे तो नेमका तिथेच.

प्रार्थना मी कमी केली नव्हती, उलट वाढवली होती. पण न नांगरलेल्या रानात दुप्पट बी टाकून काय उगवणार?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. शास्त्रे पचवलेली ती विदुषी! तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आपल्याला धर्म तेव्हा सापडला, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा या कबुलीचाच अधिक धाक वाटतो.

मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात ख्रिस्ताची आज्ञा आहे, की वेदीपाशी गेल्यावर भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. मोठी गैरसोयीची आज्ञा! गाऱ्हाणे खरे असेल तरच, अशी सवलत तीत कुठे आहे का, हे मी शोधून पाहिले. नाही.

एवढे उमजायला एक दुपार पुरली. पत्र लिहायला दहा महिने लागले. महिन्यापूर्वी ते टाकले. उत्तर आलेले नाही. नाताळच्या आत स्वतःच जाऊन यावे म्हणतो. एसटीच्या थांब्यावरून त्याच्या घरी जायला तो बांधच जवळचा पडतो.