सिकलसेल: वाहक आणि रुग्ण

सिकलसेलचा जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस वाहक ठरतो, दोघांकडून आला तर रुग्ण. तपासणी अहवालात वाहकापुढे ‘एएस’ आणि रुग्णापुढे ‘एसएस’ लिहिलेले असते. विदर्भात बोलताना मात्र दोघेही सरसकट ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ होतात. मुलगी एएस निघाली की जमत आलेली सोयरीक फिसकटते. मुलगा एए, म्हणजे हा जनुक नसलेला, असेल तर त्या जोडप्याला एसएस मूल होत नाही, हे बैठकीत कोणी विचारातही घेत नाही. निरोगी माणसाला रोगी ठरवणारी ही गफलत निव्वळ अडाणीपणाची नव्हे. वैद्यकशास्त्रानेच ती तीन दशके जपली होती.

हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोत विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी नोंदवल्या. पुढे १९१७ मध्ये एमेल यांना एका रुग्णाच्या धडधाकट वडिलांच्या पेशीही काचपट्टीवर वाकताना दिसल्या. त्यावरून वाहकत्व म्हणजे दबा धरून बसलेला आजार, असा समज रूढ झाला.

तो १९४९ मध्ये मोडला. या वर्षाचे श्रेय बहुधा एकट्या पॉलिंग यांना दिले जाते, कारण रुग्णाचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे त्यांच्या चमूने दाखवले आणि ‘रेणूचा आजार’ ही कल्पना गाजली. व्याख्या बदलली ती मात्र त्याआधी काही महिने, नील यांच्या छोट्या निबंधाने. त्यांनी रुग्णांच्या आईवडिलांचे रक्त तपासले, तेव्हा पेशी वाकण्याचा गुण दोघांतही आढळला; रुग्णाला जनुक दोघांकडूनही आला होता. म्हणजे वाहक हा अर्धवट आजारी नव्हे. त्याच्याकडे जनुकाची एकच प्रत आहे आणि ती आयुष्यभर एकच राहणार. बीट यांनीही आफ्रिकेत स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. खुद्द पॉलिंग यांच्या प्रयोगातही वाहकाच्या रक्तात दोन्ही हिमोग्लोबिने होती. दोषी रेणू अंगात असूनही माणूस ठणठणीत असतो, हा त्या प्रयोगाचा अर्धा भाग. लक्षात राहिला तो उरलेला अर्धा.

वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. मध्य भारताविषयी शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला; त्याच्या शीर्षकातच आजार नव्हे, वाहकत्व आहे.

आजच्या गोंधळाला पहिली चाचणीही हातभार लावते. रक्ताचे थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी पॉझिटिव्ह. द्रावण एएस आणि एसएस दोघांतही गढूळच होते. फरक कळतो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी केल्यावर, आणि तपासणी शिबिरातून घरी गेलेल्या माणसापर्यंत तो अहवाल पोचलाच तर. देशाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्याचे लक्ष्यवर्ष २०४७ आहे. निर्मूलन व्हायचे आहे ते आजाराचे. वाहक तेव्हाही असतीलच.

वाहकाला अतिश्रमात शरीरातले पाणी घटू न देण्याची काळजी घ्यावी लागते, फार उंचावर जपावे लागते. क्वचित लघवीतून रक्त जाते. खरा प्रश्न येतो तो जोडीदारही एएस असेल तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब चालत नाही. अशा जोडप्याला साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते.