किरण, बांध आणि एकादशी

आम्ही अकोल्याकडे उन्हाळी भुईमूग लावतो तो टॅग चोवीस. टॅग म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेलं 1991 सालचं वाण. हे कळल्यापासून सासूबाईंना शंका आहे: अणूच्या किरणांतून निघालेला दाणा एकादशीच्या खिचडीत चालतो का?

चालतो. गॅमा किरण बियाण्यातून आरपार जातात, त्यानं बियाणं किरणोत्सारी होत नाही. टॅग चोवीसवर तर थेट किरण सोडलेलेच नाहीत, त्याच्या पूर्वजांवर सोडले होते. शिवाय भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. आपल्या उपासाच्या ताटानं सोवळ्याचा फार आव आणू नये.

त्यांचा दुसरा प्रश्न अवघड आहे. देवानं घडवलेलं बी बदलणारा माणूस कोण?

किरण दिलेल्या बियाण्याची पहिली पिढी रडतखडत वाढते. मात्रा वाढवावी तशी उगवण घटते. रोपं खुजी राहतात, पानं वेडीवाकडी, कुठे पांढरे चट्टे, बरेच परागकण वांझ. तिचं बी राखून पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीत खरे बदल उघडे पडतात. एखादं रोप पांढरंफटक उगवतं आणि थोड्याच दिवसांत मरतं, एखादं बुटकं, एखादं उशिरा फुलणारं. हजारोंत एखादंच कामाचं. स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड या जुन्या वाणाला क्ष-किरण दिल्यावर टपोऱ्या दाण्याचं झाड असंच हाती लागलं आणि 1973 साली टीजी-1, म्हणजे ‘विक्रम’, शेतकऱ्याकडे आला.

तो टपोरेपणा आधी कुठे होता? सांख्य म्हणतात, कार्य कारणात असतंच. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. नैयायिक म्हणतात, ते नव्यानंच उपजतं. माझा कल सांख्यांकडे, आणि तो पतंजलीमुळे. योगसूत्रांच्या कैवल्यपादात एका जातीचं दुसऱ्या जातीत रूपांतर कसं होतं याची चर्चा आहे आणि दाखला चक्क शेतकऱ्याचा आहे. शेतकरी पाणी ओंजळीनं वाहून नेत नाही, बांध फोडतो. पाणी आपलं आपण खाली उतरतं. रात्रीची लाइट आली की दारं धरायला जाणाऱ्याला याचं भाष्य वाचावं लागत नाही. मोहरीतही तसंच. रंग घडवणारं जनुक मोडलं की तपकिरी दाणा पिवळा होतो, टरफल पातळ पडतं, तेलाचा वाटा वाढतो. आत कोणी काही घातलेलं नसतं.

पण मी दारं मोडते ती कुठली सरी कोरडी आहे हे बघून. किरणाला असली नजर नाही. तो सापडेल तो बांध फोडतो आणि बहुतेक वेळा पाणी ओढ्याला जातं. पतंजलीच्या शेतकऱ्याची इथे दोन माणसं झाली: फोडणारा आंधळा आणि बघणारा वही घेऊन ओळीत वाकलेला. कर्म म्हणायचं तर ते या दुसऱ्याचं, कारण हेतू त्याच्यापाशीच आहे. किरणाला पाप लागत नाही, पुण्यही नाही.

म्हणून सासूबाईंचा प्रश्न मी त्या वहीवाल्याला विचारते: निवडलंस ते कोणासाठी? नुसत्या व्यापाऱ्याच्या डोळ्यात भरावं म्हणून दाणा मोठा केला असेल, तर त्याच्याशी भांडायला जागा आहे. टॅग चोवीसपुरतं उत्तर मला पटलंय. झाड बुटकं, पीक लवकर येणारं. विहीर तळाला जायच्या आत शेंगा घरात येतात.