मामांचा रुसवा

दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याने येडशीच्या आमच्या घरी माळ्यावरून एक व्हिडिओ कॅसेट शोधून काढली. त्याच्या आईच्या लग्नाची, मे १९९३ ची. कोणाकडून तरी जुना व्हीसीआरही त्याने आणला होता. नवा आता कोठे मिळणार? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ते बनवणे थांबवले, तेव्हा हा धंदाच जगातून संपला. भाच्याने फितीवरची बुरशी हलक्या हाताने पुसली आणि यंत्र संगणकाला जोडले. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची फीत उतरायला तीन तासच लागतात. घरची सारी मंडळी फराळाच्या बशा घेऊन समोर बसली.

पहिल्यांदा दिसली ती आपली छोटी गाडी! अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीतून वऱ्हाड उतरत होते. आता तेथे रुंद रूळ आहेत. मग रामलिंगाचे देऊळ, मांडव, पंगती. आणि मग मामा.

मामा रुसले होते. फेटे कमी पडले होते. वरपक्षाकडच्या लांबच्या पाहुण्यांनाही मी फेटे बांधवले आणि सख्ख्या मामांच्या हाती टॉवेल-टोपी ठेवली. “फेटा नको रे मला, पण विचारायचं तरी!” मामा म्हणतात. कॅमेऱ्याच्या मागून माझा आवाज येतो, “मामा, आता तमाशा नको. नंतर बघू.”

मामा सास्तूरचे. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि ते ‘नंतर’ राहूनच गेले.

“मामा, मी याची वीस मिनिटांची छान फिल्म करतो,” भाचा मला म्हणाला. “हे भांडण काढून टाकू. मूळ प्रत राहतेच की!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संगणकाची कात्री मूळ चित्राला लागत नाही. कोठून कोठवर दाखवायचे एवढेच ती टिपून ठेवते. पण मूळ तीन तास बघणार कोण? पुढची पोरे वीस मिनिटेच बघतील, आणि मामा तर साऱ्या फितीत तेवढ्याच जागी आहेत. उलट, अशा मानी माणसाला कायमचे रुसलेले दाखवावे का, हाही प्रश्न होताच. मी “काढून टाक” म्हणणारच होतो. तेवढ्यात मनात आले, की मी अब्रू कोणाची राखतो आहे? मामांची की माझी? काढून टाक म्हणायच्या विचाराने मला जो सुटल्यासारखा आनंद झाला होता, तो काही मामांसाठी नव्हता.

“राहू दे,” मी म्हणालो. “माझ्या आवाजासकट.”

“पाहुण्यांत बरं दिसेल का?”

“न दिसेना.”

बहीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “दादा, मग मला बोहल्यावर आणलं कोणी रे? मामा आले होते का शेवटी?”

मला आठवेना. आम्ही फीत पुढे चालू दिली. अंतरपाट धरलेला दिसला, अक्षता पडल्या. तिला आणले त्या वेळी मात्र कॅमेरा बँडवाल्यांकडे वळला होता.