विचारण्यावरची बंदी

दिवाळी जवळ आली की हिंडलग्यात गल्लोगल्ली किल्ल्यांची कामं निघतात. पोती, दगड, शेतातून आणलेली लाल माती, बुरुजांवर पेरलेले अळीव, बाजारातून निवडून आणलेले मावळे. बेळगाव परिसरात हा नाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरापेक्षा कमी नाही; मंडळं स्पर्धा घेतात आणि परीक्षक घरोघर फिरतात. शेजारचा चौथीतला मुलगा मातीचा किल्ला वाळेपर्यंत मोबाईलवरही एक किल्ला बांधायला बसला होता. तो ज्यावर बांधत होता तो लहान मुलांसाठी म्हणून चालवलेला खेळांचा मंच आहे. तिथे मुलं स्वतः ठोकळे रचून वाडे, गावं, डोंगर उभे करतात आणि इतरांनी रचलेल्या जागांत जाऊन खेळतात. त्याला दुसऱ्यांनी बांधलेले किल्ले बघायचे होते. सर्चमध्ये त्याने रोमन लिपीत 'किल्ला' लिहिलं आणि समोर कोरा पडदा आला.

"काका, हुडकूलोय तरी किल्ला येईनाच," म्हणून त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. आम्ही शब्द थोडा बदलून पाहिला. दोन 'एल'पैकी एक काढला, तर यादी आली. दोन ठेवले की यादी गायब. रोमन लिपीत लिहिलेल्या 'किल्ला'ची पहिली चार अक्षरं म्हणजे इंग्रजीत 'ठार मार'. तीच चार अक्षरं पोटात असलेला 'स्किल' हा इंग्रजी शब्द मात्र विनातक्रार चालला. शेवटी पोराने शाळेत शिकलेला 'फोर्ट' लिहिला. त्यावर पहिल्याच पानावर खेळ आले ते बंदुकांचे, तटाआडून समोरच्याला टिपायचे.

'किल्ला' अडवायचा आणि बंदुका दाखवायच्या, असं कोणी ठरवलेलं नसणार. ठरवणारं माणूस तिथे नसतंच. एक शब्दयादी असते आणि तिच्याशी अक्षरं ताडून पाहणारं यंत्र असतं. चुकीची मुळं याच रचनेत आहेत, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. सगळ्यात स्वस्त फिल्टर फक्त अक्षरांची ओळ पाहतो. ती शब्दाच्या सुरुवातीला आहे की मधे, हे त्याच्या हिशेबात नसतं. मुलं चलाख असतात. बंदी असलेल्या शब्दात अक्षराऐवजी आकडा घालतात, मधे मोकळी जागा सोडतात. त्यांना पकडायला कंपन्या फिल्टर आणखी आवळतात: आकडे परत अक्षरांत बदलायचे, मोकळ्या जागा पुसून शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि मग यादीशी ताडायचे. असं केलं की 'बस सगळं' हे दोन निरुपद्रवी शब्दही रोमन लिपीत एकत्र येऊन एक शिवी तयार करतात. क्षितिज, शीतल, हर्षित, दीक्षित या नावांच्या रोमन स्पेलिंगमध्ये इंग्रजीतल्या एका गलिच्छ शब्दाची चार अक्षरं सलग येतात. 'सुरक्षित' या शब्दातही येतात.

हा दोष जुना आहे. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात मधेच एक शिवी लपलेली होती. त्यावर कंपनीने गावाच्या नावातलं एक अक्षर बदलून तात्पुरतं काम भागवलं. ज्या मुलखात गावाचं नाव कोणी कसं लिहायचं यावर माणसांनी आयुष्यं घालवली, तिथल्या वाचकाला हा उपाय किती झोंबणारा असेल ते सांगायला नको. चोवीस वर्षांनी, ऑक्टोबर 2020 मध्ये, पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची वार्षिक परिषद ऑनलाइन भरली आणि प्रश्नोत्तरांच्या फिल्टरने 'हाड' याचाच इंग्रजी शब्द अडवला. हाडांवर बोलायला जमलेल्यांना 'हाड' लिहिता येईना. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या बिच या गावाचं फेसबुक पान त्याच्या नावाच्या स्पेलिंगपायी काढून टाकलं गेलं आणि एप्रिलमध्ये परत आलं.

या तिन्ही ठिकाणी चूक दुरुस्त झाली, कारण ज्यांचं अडलं त्यांचा आवाज पोचत होता. बिचला महापौर होता, शास्त्रज्ञांना वर्तमानपत्रं विचारत होती, स्कन्थॉर्पचे लोक ज्या भाषेत तक्रार करत होते तीच कंपनीची भाषा होती. अशा बहुतेक फिल्टरच्या शब्दयादीशेजारी अपवादांची दुसरी यादी असते. 'स्किल', 'क्लास', 'असिस्टंट' असे शब्द तक्रारी येऊन येऊन त्या यादीत गेलेले असतात. अन्याय होतो तो या दुसऱ्या यादीत. बंदीची यादी सगळ्या जगाला लागू होते आणि अपवाद मात्र इंग्रजीपुरते राहतात. 'किल्ला' अपवादांत नाही, कारण तो तिथे घालावा असं कंपनीत कोणाला वाटायचं कारणच नाही.

सीमाभागातल्या मुलाला याचा फटका जास्त बसतो. हिंडलग्यातलं पोर घरात मराठी बोलतं, वर्गात कन्नड आणि इंग्रजी वाचतं, खेळताना हिंदी-उर्दू ऐकतं, गोव्याचे पाहुणे आले की कोकणीही कानावर घेतं. हे सगळं ते मोबाईलवर एकाच लिपीत लिहितं, रोमन लिपीत, कारण घरातली मोठी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच लिहितात. देवनागरी कळफलक असतो, पण खेळांची नावं रोमनमध्ये असल्यामुळे देवनागरीतून सर्चच्या हाती काही लागत नाही. चार-पाच भाषांचे शब्द इंग्रजीच्या यादीवर आदळले तर धडका किती होतील! आणि याच फिल्टरमधून मराठीतल्या, कन्नडमधल्या अस्सल शिव्या रोमन लिपीत खुशाल पार होतात. पोराच्या खांद्यावरून त्या चॅटमध्ये एकदा डोकावलेल्या पालकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. निरपराध शब्द अडतो आणि खरी शिवी सुटते, या दोन्हींचं कारण एकच आहे: राखण करणाऱ्याला भाषा येत नाही.

यावर अनेक पालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते मी हलकं मानत नाही. चार चांगले शब्द अडले तर अडू देत, पोर सुरक्षित राहिलं म्हणजे झालं. ही भीती खरी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने रोब्लॉक्स या जगातल्या मोठ्या खेळमंचावर खटला भरला. मुलांना लैंगिक शोषण करणाऱ्यांपासून वाचवण्यात कंपनी कमी पडली, असा राज्याचा आरोप आहे आणि कंपनीने तो नाकारला आहे. खटल्याचा निकाल काही लागो, अनोळखी प्रौढ माणूस खेळातून मुलापर्यंत पोचू शकतो ही धास्ती घराघरात आहे, आणि असायलाच हवी.

पण फिल्टर जितका कडक तितकं मूल सुरक्षित, हे गणित तपासलं तर टिकत नाही. अमेरिकेतल्या कैसर फॅमिली फाउंडेशनने 2002 साली शाळा-ग्रंथालयांत वापरले जाणारे फिल्टर पारखले होते. सगळ्यात सैल पातळीवर अश्लील पानांपैकी 87 टक्के अडत होती आणि आरोग्याची माहिती देणारी 1.4 टक्के पानं चुकून अडत होती. फिल्टर पुरता आवळला तेव्हा अश्लील पानं अडण्याचं प्रमाण 91 टक्क्यांवर गेलं आणि आरोग्याची अडलेली पानं 24 टक्क्यांवर. संरक्षण चार टक्क्यांनी वाढलं. त्याची किंमत म्हणून आरोग्याच्या जवळपास एक चतुर्थांश पानांवर पडदा पडला. या आकड्यांना आता वीसहून अधिक वर्षं झाली आणि तंत्र खूप बदललं, पण शब्द पाहून अडवणारा कुठलाही फिल्टर आवळला की नुकसान संरक्षणापेक्षा वेगाने वाढतं, हे त्या रचनेतच आहे. ज्याला वाईट वागायचं आहे तो वाट बदलतो. डिझ्नीच्या टूनटाउन या खेळात मुलांना ठरावीक वाक्यांपलीकडे काही बोलताच येत नव्हतं, तरी मुलांनी घरातलं सामान मांडून गुप्त आकडे एकमेकांना कळवले. वाट बदलायचं ज्याच्या मनातही येत नाही, असं सरळ पोर तेवढं अडकून पडतं.

आणि माझ्या मते मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. चॅट आणि सर्च या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच फिल्टर लावणं हीच मूळ चूक. चॅटमधला शब्द दुसऱ्या माणसापर्यंत जातो, त्याला दुखवू शकतो, फूस लावू शकतो. तिथे पहारा हवाच. शब्दांपेक्षाही कोण कोणाशी बोलतंय यावर तो हवा. वय पडताळून साधारण एका वयाच्या मुलांनाच एकमेकांशी बोलू द्यायचं, असं रोब्लॉक्सने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. त्यात खासगी माहितीचे प्रश्न आहेत, पण दिशा मला बरोबर वाटते. सर्चमधला शब्द मात्र कोणाकडेच जात नाही. मूल कंपनीच्या मांडणीला विचारतं, तुमच्याकडे हे आहे का? मांडणीवर काय ठेवायचं हे कंपनीच्याच हाती असतं. तिथला प्रत्येक खेळ मुलाने बघण्याजोगा आहे की नाही हे तपासून ठेवलं असेल, तर मुलाने काहीही विचारलं तरी धोका नाही. तपासलं नसेल, तर शब्द अडवून ते धोकादायक खेळ नाहीसे होत नाहीत. आमच्या पोराला 'फोर्ट' लिहिल्यावर मिळाले तसे दुसऱ्या शब्दाने मिळतातच. सर्चमध्ये शब्द अडवणारी कंपनी आपलं तपासायचं काम मुलाच्या प्रश्नावर ढकलते.

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या दीडशे वर्षांहून जुन्या ग्रंथालयात मुलांच्या विभागात कोणती पुस्तकं ठेवायची हे ग्रंथपाल ठरवतो, आणि ते त्याने ठरवलंच पाहिजे. पण मुलाने येऊन एखादं नाव घेतलं म्हणून तो तोंड फिरवून बसत नाही. "ते नाही बाळ, पण हे बघ," म्हणतो. त्या एका वाक्यात मुलाला कळतं की आपलं विचारणं पोचलं.

फिल्टरच्या कोऱ्या पडद्यात नेमकं हेच हरवतं, आणि मला ते फार गंभीर वाटतं. हिंडलगा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी इथलं मध्यवर्ती कारागृह आठवतं. तुरुंगात कैद्याचं पत्र अधिकारी वाचतो आणि मगच बाहेर सोडतो. तो नियम कैद्याला माहीत असतो, आणि पत्र कोण वाचतं हेही. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक याच गावात आहे. दर 1 जूनला तिथे माणसं जमतात, कारण सक्ती कोणी केली आणि ती कोणाला भोवली हे सगळ्यांना ठाऊक आहे. येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक जुलै 2014 मध्ये पोलीस बंदोबस्तात काढला गेला. तो निर्णय कोणाला पटला, कोणाला नाही, पण निर्णय दिसला, आदेश दिसला, भांडायला समोर कोणीतरी होतं. चौथीतल्या मुलासमोर यातलं काहीच नसतं. 'हा शब्द आम्ही अडवला' असंही त्याला कोणी सांगत नाही. 'काही सापडलं नाही' एवढंच दिसतं, आणि त्याला वाटतं की जगात किल्ले बांधणारं दुसरं कोणी नाही. त्याने चुकून कोणाला विचारलंच, तर पोर एवढंच शिकतं की आपल्या घरातला शब्द इथे चालत नाही, 'एल' गाळून लिहायचा. स्पेलिंग नीट बसायच्या आधी ते मोडायची सवय त्याला लागते.

कायद्यात थोडी जागा आहे आणि ती वापरली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 नुसार, लोकांनी तयार केलेला मजकूर चालवणाऱ्या मंचांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 24 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि 7 दिवसांत तिचा निकाल लावायचा. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली: मंचाने आपले नियम वापरणाऱ्याला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या त्याच्या पसंतीच्या भाषेत उपलब्ध करून द्यायचे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. नियम मराठीत द्यायचे असतील तर ते राबवणाऱ्या यंत्रालाही मराठी समजली पाहिजे, हे मागणं अवास्तव नाही. अडवलेला शब्द अडवला म्हणून सांगावा, सर्चला चॅटचा फिल्टर लावू नये, आणि अपवादांची यादी इथल्या भाषा जाणणाऱ्या माणसांकडून तपासून घ्यावी. अशी माणसं लांब शोधायला नकोत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जण तीन-चार भाषांत सहज वावरतात, रोमन लिपीतल्या शिव्या आणि सणावारांचे शब्द दोन्ही ओळखतात.

हिंडलग्यातल्या, निपाणीतल्या, खानापुरातल्या पालकांना माझी विनंती आहे की पोराचा शब्द अडला तर खेळ बदलून मोकळे होऊ नका. पडद्याचा फोटो काढा, कोणता शब्द अडला आणि कोणता चालला ते लिहा आणि तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. तक्रार मराठीत लिहायला कोणाची मनाई नाही, आणि ती मिळाल्या दिवसापासून 7 दिवस मोजले जातात.